लहान मुलांचा संधिवात आणि लेसर थेरपी: वीस सिटिंगचं पॅकेज घ्यावं का?

सानूचीआई | ६ जून, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पाककृतींच्या धाग्यांवर कधीतरी एखादी ओळ टाकते. आज मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

माझी मुलगी सव्वाचार वर्षांची आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास सकाळी उठली की लंगडायची. दहा वाजेपर्यंत पाय मोकळा व्हायचा आणि दुपारी अंगणात उड्या. त्यामुळे घरात कुणालाच खरं वाटेना. सासूबाई म्हणाल्या, शाळेत जायचं नाही म्हणून नाटकं करते. मग डावा गुडघा सुजलेला दिसला. पडली असेल, मुरगळला असेल म्हणून एका डॉक्टरांनी तीन आठवडे प्लास्टर घातलं. प्लास्टर काढलं तेव्हा मांडी बारीक झालेली आणि गुडघा सरळच होईना. पुढे टीबीच्या तपासण्या झाल्या, रक्ताच्या झाल्या, आणि जानेवारीत मुंबईला मुलांच्या संधिवाततज्ज्ञांनी निदान सांगितलं: जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, त्यातला कमी सांध्यांचा प्रकार. एएनए नावाची रक्ताची चाचणी पॉझिटिव्ह आहे.

गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, त्याने सूज झटकन उतरली. पण एप्रिलमध्ये उजवा घोटाही सुजला, म्हणून मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध सुरू केलं, दर शनिवारी एकदा. आता शनिवार म्हणजे आमच्या घरात रडारड. पिवळी गोळी नुसती बघितली तरी तिला उलटी होते.

इथे नाशिकमध्ये घराजवळ एक फिजिओथेरपी सेंटर आहे. तिथले म्हणतात, लेसर थेरपीची वीस सिटिंग घ्या, १६,००० रुपये, मुळापासून सूज जाईल आणि औषधं हळूहळू बंद करता येतील. नवरा म्हणतो घेऊन बघू, नुकसान काय आहे? मला ठरवता येत नाहीये. कुणी लहान मुलाला लेसर दिला आहे का? दुखतं का? खरंच फरक पडतो का?

मावशीबाई | ६ जून, रात्री ११.२०

अगं बाई, एवढ्याशा जिवाला! मला तर वाटायचं संधिवात म्हातारपणीच होतो. देव तिला लवकर बरं करो. मला लेसरमधलं काही कळत नाही, पण तू धीर सोडू नकोस. आणि नाटकं करते म्हणणाऱ्यांना एकदा सकाळी सहाला उठवून तिचं चालणं दाखव.

निवृत्त_नाना | ७ जून, सकाळी ६.१५

ताई, बिनधास्त घ्या. माझं वय ६८. दोन्ही गुडघ्यांना गेल्या वर्षी लेसर घेतला, पंधरा सिटिंग. पर्वती चढून आलो. अजिबात दुखत नाही, नुसती लाल बत्ती फिरवतात. डॉक्टर लोकांना गोळ्या खपवायच्या असतात, ते कशाला सांगतील?

हाडवैद्यीण | ७ जून, दुपारी २.०५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, अठरा वर्षं झाली, सध्या कोल्हापुरात. माझ्याकडे लेसरचं मशीन आहे आणि मी ते वापरते, म्हणजे मी लेसरविरोधी नाही हे आधीच सांगते.

नानांचा गुडघा आणि सानूचा गुडघा यांत सुजेशिवाय काही सारखं नाही. नानांचं दुखणं झिजेचं. सानूच्या शरीरातली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्याच्या अस्तरावर उलटली आहे. ते अस्तर जाड होतं, पाणी धरतं आणि तसंच राहिलं तर आतली कूर्चा कुरतडतं. लेसरचा प्रकाश त्वचेवरून आत जातो, वेदना वाहून नेणाऱ्या नसांवर आणि स्थानिक सुजेवर त्याचा थोडाफार परिणाम होतो. पण प्रतिकारशक्तीची ही चूक तो दुरुस्त करत नाही. गुडघ्यावर दिलेला लेसर घोट्याला कळणारही नाही, डोळ्याचं तर सोडाच. (डोळ्याचं का म्हणतेय ते पुढे सांगते.)

दुखत नाही, हे खरं. कमी शक्तीच्या लेसरने साधं गरमही लागत नाही. पण मशीन कुठल्या वर्गाचं आहे ते विचारा. ५ ते ५०० मिलिवॅटपर्यंतचं ‘थ्री बी’ आणि त्याच्या वरचं ‘क्लास फोर’. क्लास फोरने त्वचा भाजू शकते. चार वर्षांचं मूल स्थिर बसत नाही आणि ‘चटका बसतोय’ हे वेळेवर सांगतही नाही. दोन्ही प्रकारांत मुलाला, आईला आणि थेरपिस्टला चष्मा हवाच. इन्फ्रारेड प्रकाश दिसत नाही, म्हणून डोळा आपोआप मिटत नाही. नानांना दिसली ती लाल बत्ती बहुतेक दिशा दाखवण्यापुरती असेल.

आणखी एक. मुलांच्या हाडांची टोकं वाढती असतात आणि गुडघ्याजवळची वाढीची पट्टी तर सगळ्यांत कामाची. कित्येक मशीनच्या पुस्तिकेत तिथे लेसर देताना जपा असं लिहिलेलं असतं. इजा होतेच असं मी म्हणत नाही, पण वीस सिटिंग विकणाऱ्याने निदान ही पुस्तिका वाचलेली असावी.

राहता राहिलं ‘औषधं बंद करता येतील’ हे वाक्य. माझ्या व्यवसायातल्या कुणी हे म्हणावं याची मला लाज वाटते. ते ठरवणं आमचं काम नाही.

तरंगलांबी | ७ जून, संध्याकाळी ७.३०

थोडं अवांतर, पण रंजक आहे. पहिला लेसर अमेरिकी शास्त्रज्ञ मायमनने १९६० मध्ये माणकाच्या कांडीतून काढला. त्यानंतर बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर नावाच्या डॉक्टरांनी उंदरांची पाठ भादरून तिच्यावर मंद लेसर सोडला. कर्करोगाशी संबंधित काही शोधत होते. गाठींचं काही झालं नाही, पण लेसर दिलेल्या उंदरांचे केस भराभर उगवले. साल १९६७. या सगळ्या ‘कोल्ड लेसर’ (कमी शक्तीचा, न तापवणारा लेसर) प्रकरणाची सुरुवात तिथून.

आज मानलं जातं ते असं की, ६०० ते १००० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला प्रकाश पेशींच्या मायटोकाँड्रियातलं (पेशीच्या ऊर्जाघरातलं) एक एन्झाइम, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज, शोषून घेतं आणि पेशीचं ऊर्जेचं गणित थोडं बदलतं. म्हणजे थोतांड नाही. कर्करोगाच्या काही उपचारांत तोंड सोलवटतं, ते टाळायला लेसरची अधिकृत शिफारसही आहे. पण तोंडाची त्वचा समोर असते आणि सांधा आत असतो. प्रकाश जसजसा आत जातो तसतसा विखुरतो, बराचसा वाटेतच मुरतो.

डोस म्हणजे शक्ती गुणिले वेळ. १०० मिलिवॅट ४० सेकंद दिला की ४ ज्यूल. सेंटरवाल्यांना एवढंच विचारा: तरंगलांबी किती, एका बिंदूवर किती ज्यूल, किती बिंदू? उत्तर ‘मशीनमध्ये सेट असतं’ असं आलं तर समजून जा.

शंकासूर | ७ जून, रात्री ११.४५

नानांना पर्वती लखलाभ. आता आकड्यांकडे येऊ, कारण ‘घेऊन बघू’चं उत्तर तिथेच आहे.

मोठ्यांच्या संधिवातावर, म्हणजे रूमॅटॉइडवर, कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा २००५ चा आढावा आहे. पाच चाचण्या, मिळून २२२ रुग्ण. खोट्या लेसरच्या तुलनेत खऱ्या लेसरने दहाच्या मापावर वेदना १.१ ने कमी झाल्या आणि सकाळचा आखडलेपणा सुमारे साडेसत्तावीस मिनिटांनी घटला. परिणाम अल्पकाळाचा. नंतर २०१० मध्ये ब्राझीलच्या एका चाचणीत हातांच्या सांध्यांवर लेसर दिला, तिथे खोट्या आणि खऱ्यात फरकच दिसला नाही. म्हणजे मोठ्यांतसुद्धा चित्र ‘थोडं, काहींना, काही काळ’ असं आहे.

मुलांवर इजिप्तमधल्या फिजिओथेरपिस्टांच्या छोट्या चाचण्या आहेत. नीट वाचलं तर लेसर तिथे जोडीला दिलेला उपचार आहे, औषधांच्या जागी दिलेला नाही. तुमचं सेंटर नेमकं उलटं विकतंय.

आता माझा आवडता आकडा. १९९२ मध्ये मेथोट्रेक्सेटची मुलांवरची मोठी चाचणी छापून आली. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी मिळून केलेली, १२७ मुलं. (छापून येईपर्यंत सोव्हिएत संघ उरला नव्हता, हा भाग वेगळा.) सहा महिन्यांनी औषधाच्या योग्य मात्रेवर ६३ टक्के मुलं सुधारली. आणि ज्यांना नुसती खोटी गोळी दिली होती त्यांतली? ३६ टक्के. शंभरातली छत्तीस मुलं खोट्या गोळीवर सुधारलेली! हा आजार असाच भरती-ओहोटीसारखा वागतो. सूज चढलेली असताना आईबाप काहीतरी सुरू करतात, सूज आपल्या गतीने उतरते आणि श्रेय त्या ‘काहीतरी’ला जातं. उद्या सेंटरच्या भिंतीवर दहा मुलांचे हसरे फोटो दिसले तरी त्यातून काही सिद्ध होत नाही. त्या दहांतली बहुतेक मेथोट्रेक्सेटही घेत असतील, ते फोटोत दिसत नाही.

अडुळसा | ८ जून, सकाळी ९.१०

सगळे पाश्चात्त्य आकडे फेकतायत. मेथोट्रेक्सेट हे कर्करोगाचं औषध आहे हे ताईंना कुणी सांगितलं का? चार वर्षांच्या मुलीला केमो? आपल्याकडे आमवात हजारो वर्षांपासून माहीत आहे. आंबट, दही, वांगी, बटाटा बंद करा, सुंठ-एरंडेल द्या. लेसर घ्या न घ्या, पण ते विष आधी थांबवा.

शंकासूर | ८ जून, सकाळी ९.४०

कर्करोगात तेच औषध कितीतरी पट मोठ्या मात्रेत देतात. मीठ वरणात घालतात आणि लोणच्यातही घालतात, म्हणून वरणाला कुणी लोणचं म्हणत नाही.

पथ्याबद्दल: अमेरिकन संधिवात संस्थेची मुलांसाठीची २०२१ ची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते की वयाला साजेसा चौरस आहार द्या, आजार बरा करण्यासाठी म्हणून कुठलाही खास आहार लादू नका. आधीच उलट्यांनी बेजार झालेल्या पोरीचं दही-बटाटा कशाला तोडायचं?

अडुळसा | ८ जून, सकाळी ९.५५

अमेरिकेने सांगितलं की ब्रह्मवाक्य. चालू द्या. हे माझं शेवटचं पोस्ट.

वाकडं_बोट | ८ जून, रात्री ९.३०

सदस्यनामाचा किस्सा आज पहिल्यांदाच सांगतोय.

मला हा आजार १९८१ साली झाला, सात वर्षांचा होतो. सातारा जिल्ह्यातलं गाव. तेव्हा मुलांच्या संधिवातावर औषध म्हणजे ॲस्पिरिन, तेही भरपूर. कानात सतत शिट्टी वाजायची, मास्तर काय बोलतात ते ऐकू यायचं नाही. शंकासूर म्हणतात ती ९२ ची चाचणी होईपर्यंत मी अठराचा झालो होतो आणि जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. डावं मनगट वळत नाही. दोन बोटं सदस्यनामात आहेत. सुजलेल्या गुडघ्याला रक्तपुरवठा जास्त मिळतो म्हणून तो पाय जास्त वाढतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझा उजवा पाय डाव्यापेक्षा दोन सेंटिमीटर लांब आहे. बुटात तळवा घालून चालतो.

वडिलांनी काय नाही केलं? तांब्याची कडी, वाळूचा शेक, मधमाश्यांचे डंख, एका महाराजांचा अंगारा. प्रत्येक वेळी महिनाभर बरं वाटायचं. मला खरंच बरं वाटायचं हो, खोटं नाही सांगत, कारण वडिलांचा चेहरा बघून मीच ‘आज कमी आहे’ म्हणायचो. चार वर्षांची पोरगी हे करणार नाही असं समजू नका.

नाशिकच्या ताई, तुमच्या नवऱ्याला सांगा, नुकसान १६,००० चं नाही. नुकसान वेळेचं आहे. मी औषधाअभावी वाकलो. तुमच्याकडे औषध आहे.

मावशीबाई | ८ जून, रात्री ९.५०

दादा, वाचून डोळ्यांत पाणी आलं.

सानूचीआई | ९ जून, दुपारी १.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. वाकडं_बोट दादा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. काही बोलला नाही, पण पॅकेजचा विषय काढायचा थांबलाय.

खरं सांगते, लेसरकडे मन ओढलं ते शनिवारमुळेच. परवा तिने विचारलं, आई, मी काय चूक केली? त्यावर काय बोलणार? उलट्यांवर काही उपाय आहे का? आणि हाडवैद्यीणताई, डोळ्याचं काय म्हणत होतात? आम्हाला डोळे दाखवा असं लिहून दिलंय, पण तिचे डोळे अगदी स्वच्छ आहेत, लाल नाहीत, चिकट नाहीत, म्हणून आम्ही अजून गेलो नाही.

टेम्सकाठी | ९ जून, रात्री ८.२० (इथे दुपार)

ताई, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि या आठवड्यात डोळे दाखवा.

माझा मुलगा आता अकराचा, तिसऱ्या वर्षी निदान झालं, लंडनजवळ राहतो. या आजारात डोळ्याच्या आत सूज येते, युव्हायटिस. मुलगी, वय कमी, थोडेच सांधे, एएनए पॉझिटिव्ह: ज्यांना हा धोका जास्त, त्यांचं हे वर्णन आहे आणि तुमची मुलगी त्यात तंतोतंत बसते. आणि डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही. स्लिट लॅम्पच्या यंत्राखालीच दिसतं. उशीर झाला तर मोतीबिंदू, काचबिंदू, नजर जाणं, इथवर मजल जाते. सुरुवातीची वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी ठरलेली असते, सांधे शांत असले तरी. माझ्या मुलाची दुसरी तपासणी सर्दीमुळे पुढे ढकलली आणि नेमकी तेव्हाच सूज निघाली. आता त्याला मेथोट्रेक्सेटच्या जोडीला ॲडॅलिमुमॅब या सूज रोखणाऱ्या औषधाचं इंजेक्शन आहे. इथे याच दोन औषधांची ९० मुलांवर चाचणी झाली, २०१७ मध्ये छापून आली. नुसत्या मेथोट्रेक्सेटवर ६० टक्के मुलांत उपचार फसला, जोडीने दिल्यावर २७ टक्क्यांत. फरक इतका उघड होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली.

जाता जाता, ॲडॅलिमुमॅबची पहिली स्वस्त प्रतिकृती जगात प्रथम भारतात निघाली, २०१४ च्या अखेरीस. गरज पडलीच तर हा पर्याय तिकडेही आहे. आधी टीबीची तपासणी करतात, ती तुमची झालेलीच आहे.

उलट्यांचं. आमच्याकडेही पिवळ्या रंगाचा धसका होता. तो स्वेटर घालेना, वरण खाईना. डॉक्टरांना विचारून गोळीऐवजी त्वचेखालचं इंजेक्शन घेतलं, सिरिंजला रंगीत कागद गुंडाळला. तासभर आधी उलटी थांबवणारं औषध, रात्री झोपताना डोस, दुसऱ्या दिवशी त्याला हवं ते नाश्त्याला. फोलिक ॲसिड देतायत ना? आणि एक गोष्ट सगळ्या घराला पाठ करून ठेवा: हे औषध आठवड्यातून एकदाच. आजी-आजोबांनी चुकून रोज दिलं तर जिवावर बेतू शकतं. आम्ही कॅलेंडरवर तो वार गोल करून ठेवतो.

लेसरचं म्हणाल तर आठ वर्षांत इथल्या फिजिओने त्याचं नावही काढलेलं नाही. सायकल, पोहणं आणि घरचे व्यायाम, यांवरच भर.

हाडवैद्यीण | ९ जून, रात्री १०.४०

टेम्सकाठी यांनी डोळ्याचं सगळं सांगितलं, मला तेच म्हणायचं होतं. डोळ्याची सूज असू शकते अशा मुलाच्या आसपास बिनचष्म्याचा लेसर, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

आता १६,००० न घालवता काय करता येईल ते सांगते. प्लास्टरमुळे आखडलेला गुडघा सरळ होणं ही तुमची पहिली लढाई. रात्री गुडघ्याखाली उशी देऊ नका. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहतो. टीव्ही बघताना पालथी झोपवा, पावलं पलंगाच्या काठाबाहेर, वीस मिनिटं. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघ्याने चादर दाबायला सांगा, ‘झुरळ मारायचं’ म्हणा, पोरं खूश असतात. सकाळी उठल्याउठल्या कोमट पाण्याची अंघोळ, मग शाळा. तीनचाकी सायकल घ्या, सीट थोडी उंच ठेवा म्हणजे पाय पूर्ण लांब होईल. महिन्यातून एकदा दोन्ही पायांची लांबी मोजून घ्या. एवढं करूनही गुडघा दोन-तीन अंश अडलाच, तर रात्री पायाला बांधायची स्प्लिंट (आधाराची पट्टी) बनवता येते.

मी लेसर कुणाला देते? दहा-बारा वर्षांचा मुलगा, औषधं व्यवस्थित चालू, आजार आटोक्यात, पण एका टाचेत किंवा मनगटात दुखतं म्हणून तो व्यायाम टाळतो. तिथे पाच-सहा वेळा देऊन बघते, त्याच्या डॉक्टरांना कळवून. दुखणं कमी झालं आणि तो व्यायाम करायला लागला तर ठीक. नाही झालं तर बंद. वीसचं पॅकेज मी कधी विकलं नाही. विकलं असतं तर कदाचित स्वतःची जागा घेतली असती.

निवृत्त_नाना | १० जून, सकाळी ६.२०

हाडवैद्यीणबाई, माझं लेसरचं मत मागे घेत नाही, पण लहान मुलांचं वेगळं असतं हे मान्य. ताई, माझ्या आधीच्या सल्ल्याकडे दुर्लक्ष करा. डोळे दाखवा.

शंकासूर | १० जून, सकाळी ८.००

नाना, नेटवर कुणी सल्ला मागे घेतल्याचं मी पहिल्यांदाच पाहतोय. _/\_

सानूचीआई | २९ जून, रात्री ११.१०

उशिरा लिहितेय, माफ करा.

आधी डोळे. स्लिट लॅम्पखाली उजव्या डोळ्यात सूज निघाली. सौम्य आहे, लवकर सापडली म्हणाले. स्टेरॉइडचे थेंब सुरू केलेत, दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. नजर शाबूत आहे. मी त्या बाकावर बसून किती वेळ रडले ते विचारू नका. जानेवारीत लिहून दिलेला कागद होता तो. माझ्याच पर्समध्ये.

सेंटरमध्येही जाऊन आले, तरंगलांबी यांचे प्रश्न कागदावर लिहून नेले होते. तरंगलांबी किती? ‘मॅडम, लेटेस्ट मशीन आहे.’ एका बिंदूवर किती ज्यूल? ‘प्रोग्रॅम सेट असतो.’ (अगदी तसंच!) चष्मा? एक होता, ड्रॉवरमध्ये, एका बाजूची काडी मोडलेली. मग मी विचारलं की आमच्या मुंबईच्या डॉक्टरांशी फोनवर बोलाल का? त्यावर ते म्हणाले, त्यांची पॅथी वेगळी, आमची वेगळी. मी उठले.

मुंबईच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं रागावतील. त्या म्हणाल्या, पुढे कधी दुखण्यापुरता लेसर घ्यावासा वाटला तर मला विचारून घ्या, माझी हरकत असेलच असं नाही. पण मेथोट्रेक्सेट एक शनिवारही चुकवायचं नाही. गोळीऐवजी इंजेक्शन लिहून दिलं. पहिलं इंजेक्शन काल झालं. मी सिरिंजला जांभळा कागद लावला. रडली, पण उलटी नाही.

टेम्सकाठी | ३० जून, दुपारी ३.४०

ताई, पर्समधल्या कागदावरून स्वतःला बोल लावू नका. सापडलं ना वेळेत. थेंब अचानक बंद करू नका, ते हळूहळू उतरवायचे असतात.

वाकडं_बोट | ३० जून, रात्री ९.००

जांभळा कागद. वा.

सानूचीआई | १८ ऑक्टोबर, रात्री १०.२५

कुणीतरी माझ्या विचारपुशीत विचारलं म्हणून धागा वर काढतेय.

डोळ्यातली सूज गेली, थेंब सप्टेंबरात बंद झाले, पुढची तपासणी दिवाळीनंतर. घोटा शांत. गुडघा जवळजवळ सरळ होतो, मोजपट्टीने बघितलं तर अजून किंचित कमी, पण मला नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. डाव्या मांडीचा घेर अजून दीड सेंटिमीटर कमी आहे. यकृताच्या तपासणीत एकदा आकडे थोडे वाढले होते, एक डोस गाळायला डॉक्टरांनीच सांगितलं, मग उतरले. म्हणजे सगळं सरळ रेषेत चाललंय असं नाही. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मे महिन्यात मी सेंटरच्या पायऱ्या चढलेच नसते.

१६,००० मधले ४,२०० तीनचाकीवर गेले. सासूबाई रोज संध्याकाळी तिला घेऊन कॉलनीत तीन फेऱ्या मारतात. कुणी विचारलं तर स्वतःच सांगतात, तिला सकाळी त्रास असतो, आता नाही.

नवा_पालक_सांगली | १९ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

ताई, पूर्ण धागा रात्रीत वाचला. आमचा मुलगा साडेपाच वर्षांचा, कालच निदान सांगितलं. मनगट आणि गुडघा. डोळ्यांची तपासणी आजच घेतोय. एक विचारू का, ती तीनचाकी कोणत्या मापाची घेतलीत? त्याला सीट उंच करता येईल अशी मिळत नाहीये.

सानूचीआई | १९ ऑक्टोबर, सकाळी ८.०५

साडेपाचला तीनचाकी लहान पडेल दादा. सोळा इंची दोनचाकी घ्या, मागे आधाराची चाकं लावलेली. आणि हँडल वर ओढून घ्या, मनगटावर भार येऊ देऊ नका. सविस्तर हाडवैद्यीणताई सांगतील, त्या रात्री दहानंतर येतात.